सायकलीला वाट द्या

पुणे शहराला पूर्वी ‘सायकलींचे शहर’ म्हणत असत. हे नाव कोणी ठराव करून दिलेले नव्हते. सकाळच्या वेळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे, लष्कर भागातील कचेऱ्यांकडे आणि शाळा-महाविद्यालयांकडे निघालेल्या सायकलींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांच्याच तोंडी ते नाव बसले. प्राध्यापक सायकलीवर, कारकून सायकलीवर, कामगार सायकलीवर आणि दूधवालाही सायकलीवरच! त्या काळी सायकलीला कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा कोणाला डबलसीट बसवले, तर पोलीस शिट्टी वाजवून थांबवत. सायकलीसाठी एवढे नियम होते, याचा अर्थ रस्त्यावर तिला मान होता.

आज त्याच शहरात सायकल शोधावी लागते. रस्ते मोटारींनी आणि दुचाकींनी भरून गेले आहेत. २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येहून अधिक झाली, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली होती. ती वाचून मला नवल वाटले नाही. माझे बालपण सायकलींच्या दुकानात गेले आहे आणि सायकली कशा कमी होत गेल्या, हे मी जवळून पाहिले आहे.

माझ्या अब्बांचे भवानी पेठेत सायकलींचे छोटेसे दुकान होते. तेथे सायकली दुरुस्त होत आणि तासावर भाड्यानेही मिळत. प्रत्येक सायकलीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर लिहिलेला असे. भाड्याने नेणाऱ्यांची नावे अब्बा एका लांबट वहीत उर्दूत लिहून ठेवत. शेख, गायकवाड, कुलकर्णी, परदेशी अशी सगळी नावे त्या वहीत उजवीकडून डावीकडे एकाखाली एक नांदत असत. रविवारी सकाळी मोहल्ल्यातील मुलांची दुकानापुढे गर्दी होई. कोणाकडे एक तासाचे पैसे असत, कोणाकडे अर्ध्याच तासाचे. घड्याळाकडे पाहत मुले धापा टाकत परत येत.

मी नऊ-दहा वर्षांची असताना याच दुकानातील एका लहान सायकलीवर चालवायला शिकले. दांडीखालून पाय घालून आधी हाफ पायडल मारायचे आणि तोल सांभाळता आला की मग सीटवर बसायचे, अशी त्या वेळची पद्धत होती. गुडघे अनेकदा फुटले. “मुलीला कशाला शिकवता? पडली, हातपाय मोडला तर?” असे माझी खाला अब्बांना म्हणाली. अब्बा चाकाचा आउट काढत बसले होते. मान वर न करताच ते म्हणाले, “मुलगेही पडूनच शिकतात.” ओढणीला मागे गाठ कशी मारावी, म्हणजे ती चाकात अडकत नाही, हे मात्र खालानेच मला पुढे शिकवले. त्याच सायकलविद्येच्या बळावर मी शाळेत गेले, महाविद्यालयात गेले आणि बी.एड.चे शिक्षणही पुरे केले. बसच्या पासाचे पैसे वाचले, ते पुस्तकांना उपयोगी पडले.

हळूहळू दुकानासमोरची गर्दी कमी झाली. एक काळ असा होता की, आकुर्डीच्या कारखान्यात तयार होणारी स्कूटर मिळावी म्हणून लोक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत. पुढे गाड्या लगेच मिळू लागल्या, कर्जे सोपी झाली. शहर दूरवर पसरले. भवानी पेठेतील आणि कॅम्पातील अनेक कुटुंबे कोंढव्याला राहायला गेली. तेथून रोजगारासाठी रोज शहरात यायचे आणि संध्याकाळी चढ चढून परत जायचे, हे सायकलीवर अवघड वाटू लागले. अब्बांनी भाड्याच्या सायकली एकेक करून विकून टाकल्या आणि मोटारसायकलींची पंक्चरे काढायला सुरुवात केली.

लोक आळशी झाले म्हणून त्यांनी सायकल सोडली, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते पटत नाही. पहाटे चारला उठून भाजीची टोपली उचलणारा माणूस आळशी कसा म्हणता येईल? तरीही त्याने सायकल सोडली आहे. सायकल सोडण्यामागे मला दोन मोठी कारणे दिसतात. एक भीती आणि दुसरी लाज. वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या मध्ये आपला जीव सुरक्षित नाही, ही भीती. सायकल म्हणजे गरिबाचे वाहन, ही लाज. या दोन गोष्टी दूर केल्याशिवाय नुसते “सायकल चालवा, प्रकृती सुधारा” असे फलक लावून काही होणार नाही. हे मला कोणत्या पुस्तकाने नव्हे, तर माझ्याच वर्गातील एका मुलीने शिकवले.

चार वर्षांपूर्वी ती माझ्या आठवीच्या वर्गात होती. तिचे घर कालव्यापलीकडे, शाळेपासून सुमारे तीन किलोमीटरवर. वडील मार्केट यार्डात फळांच्या गाळ्यावर कामाला. ते पहाटेच घर सोडत. मुलगी शाळेच्या रिक्षाने येई. त्या वर्षी रिक्षाचे भाडे वाढले आणि तिच्या गैरहजेऱ्याही वाढू लागल्या. आठवड्यातून दोन दिवस, मग तीन दिवस. ती गणितात हुशार होती, पण चाचणीत मागे पडली. एके दिवशी तिची आई शाळेत आली आणि हळू आवाजात म्हणाली, “टीचर, आता दाखला काढून घ्यावा म्हणतोय. घराजवळ आठवीपुढची शाळा नाही. घरीच शिवणकाम शिकेल.”

मी त्यांना सायकलीचे सुचवले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील मला भेटायला आले. ते मोठे समंजस गृहस्थ. ते म्हणाले, “टीचर, जुनी सायकल मी उद्या आणून देईन. मुलीने सायकल चालवण्याला माझी ना नाही. पण रस्त्याची जबाबदारी कोण घेणार? तेवढे सांगा.”

त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. तरी तो प्रश्न इतका योग्य होता की, मी तो विसरू शकले नाही. मी जेथे मिळेल तेथे या विषयावर वाचू लागले. तेव्हा मला कळले की, असाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी दूरच्या एका देशातील आईवडिलांनी विचारला होता.

तो देश म्हणजे नेदरलँड्स. आज तेथे माणसांपेक्षा सायकलींची संख्या जास्त आहे. लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी पाव हिश्शाहून अधिक फेऱ्या सायकलीवर होतात. आपल्याला वाटेल की, त्या लोकांना सायकलीची आवड जन्मापासूनच असावी. पण तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले आणि सायकली मागे पडल्या. १९७१ साली तेथे रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मग आईवडील रस्त्यावर उतरले. ‘मुलांचे बळी थांबवा’ अशी त्यांची मागणी होती. १९७३ साली खनिज तेलाची टंचाई झाली. त्या वेळी सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. मोकळ्या रस्त्यांवर मुले खेळली, मोठी माणसे सायकली घेऊन बाहेर पडली. रस्ता असाही असू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर तेथील शहरांनी सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले, वस्त्यांमधून गाड्यांचा वेग कमी केला. हे काम एका वर्षात झाले नाही. त्याला कित्येक वर्षे लागली. पण सुरुवात झाली ती मुलांच्या जिवाच्या काळजीतून.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. हे काही श्रीमंत देशातील शहर नव्हे. तेथे १९७४ साली लोकांनी एक वेगळा प्रयोग केला. काही मुख्य रस्ते काही तासांसाठी मोटारींना बंद करून सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना मोकळे केले. आज दर रविवारी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत तेथील शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते असे मोकळे असतात. आजी-आजोबा, लहान मुले, सगळे बाहेर पडतात. ज्याने रविवारी न घाबरता सायकल चालवली, तो सोमवारीही चालवण्याचा विचार करू लागतो.

आपल्या पुण्यातही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००६ नंतर काही मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकलींसाठी मार्ग बांधले गेले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने संपूर्ण शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याने मिळणाऱ्या रंगीत सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या. मोबाइलवर कुलूप उघडायचे आणि सायकल न्यायची! अब्बा त्या पाहून हसले आणि म्हणाले, “आमचेच दुकान आता फोनमध्ये गेले.” पण थोड्याच काळात काही सायकली मोडल्या, काही चोरीला गेल्या आणि ती योजना थंडावली. सायकलमार्गांचे म्हणाल, तर कोठे त्यावर दुचाकी उभ्या असतात, कोठे विजेची पेटी आडवी येते, तर कोठे मार्ग एकाएकी संपतो. साखळीची एक कडी तुटली की संपूर्ण साखळी निरुपयोगी होते, तसेच या मार्गांचे आहे. दहा किलोमीटरचा तुटक मार्ग बांधण्यापेक्षा घरापासून शाळेपर्यंतचा दोन किलोमीटरचा सलग मार्ग अधिक कामाचा असतो.

हे सारे वाचून झाल्यावर आमच्या मनात आले की, आपल्या हातात जे आहे ते तरी करावे. आमच्या भूगोलाच्या शिक्षकांनी फळ्यावर शाळेच्या परिसराचा नकाशा काढला. मुलांनी आपापली घरे दाखवली. त्या मुलीच्या बाजूने येणारी आणखी सहा-सात मुले-मुली निघाली. एका रविवारी काही पालकांसह आम्ही ती सगळी वाट पायी चाललो. मोठ्या रस्त्याने आले तर अंतर कमी होते, पण गाड्यांचा वेग फार होता. आतल्या गल्ल्यांनी आले तर पाच-सात मिनिटे जास्त लागत, पण वाट शांत होती. फक्त एका जागी मोठा रस्ता ओलांडावा लागे. तेथे सर्वांनी सायकलीवरून उतरावे आणि एकत्र, हातात सायकल धरून पलीकडे जावे, असे ठरले.

नंतर अब्बा शाळेत आले. त्यांनी प्रत्येक सायकल तपासली. ब्रेक लागतो का, टायरमध्ये हवा नीट आहे का, घंटी वाजते का, मागे लाल रिफ्लेक्टर आहे का, हे त्यांनी मुलांनाच पाहायला लावले. उतरलेली चेन कशी चढवावी, हे शिकवले. मुलींच्या सायकलींना चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून दिली. त्यामुळे ओढणी किंवा बुरखा अडकण्याची भीती राहिली नाही. मुले ठरलेल्या चौकात जमत आणि एकामागून एक अशी शाळेत येत. त्यांनी या रांगेला नावही ठेवले, ‘काफिला’. हा शब्द उर्दूत आहे तसा मराठीतही आहे. सायकल तर दोन्ही भाषांत स्त्रीलिंगीच!

पहिले पंधरा दिवस त्या मुलीचे वडील सुट्टी मिळेल त्या दिवशी काफिल्याच्या मागे मागे येत असत. मग एकदा ते आले नाहीत. नंतरही आले नाहीत. ती मुलगी मात्र रोज येऊ लागली. आता ती बारावीत शिकते आणि महाविद्यालयातही सायकलीवरच जाते.

या कामात मराठीच्या तासाचाही उपयोग झाला. औपचारिक पत्रलेखन हा अभ्यासक्रमातील भाग आहे. मुले नेहमी पुस्तकातील काल्पनिक पत्रे लिहितात. आम्ही या वेळी खरे पत्र लिहिले. ‘आमच्या शाळेजवळील रस्त्यावर गतिरोधक आणि पांढरे पट्टे करावेत’, अशी विनंती मुलांनी संबंधित कार्यालयाला केली. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रावर पालकांनी सह्या केल्या. काही महिन्यांनी एके सकाळी आम्ही पाहतो तो रस्त्यावर ताजे पांढरे पट्टे मारलेले! मुलांना परीक्षेत पहिला नंबर आल्याचा आनंद झाला. गतिरोधक मात्र अजून झालेला नाही. तिसरे पत्र यंदाच्या नववीच्या वर्गाने लिहिले आहे. त्यांचे शुद्धलेखन पहिल्या पत्रापेक्षा चांगले आहे, हे सांगायला मला आनंद वाटतो.

आता लाजेविषयी. आमच्या शाळेत पूर्वी शिक्षकांच्या दुचाकी पत्र्याच्या शेडखाली सावलीत आणि मुलांच्या सायकली भिंतीकडे उन्हात उभ्या असत. आमच्या मुख्याध्यापकांनी ही व्यवस्था बदलली. शेडची अर्धी जागा सायकलींना दिली. गोष्ट छोटी आहे, पण मुलांना तिचा अर्थ बरोबर कळला. जी वस्तू सावलीत ठेवतात, ती मोलाची असते. पुढे आमच्यातील दोन शिक्षकही आठवड्यातून काही दिवस सायकलीने येऊ लागले.

सायकल ही कमीपणाची वस्तू असती, तर मोठमोठ्या माणसांनी तिची संगत केली नसती. रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्युरी यांचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. १८९५ साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्या आणि त्यांचे पती पिअर सायकलींवर बसून फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून हिंडायला गेले होते. आपल्याच देशात बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना सायकली घेण्यासाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. त्यामुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली, असे अभ्यासकांना दिसून आले. शाळा तीच, रस्ता तोच. मध्ये फक्त एक सायकल आली आणि अंतर कमी झाले.

सायकलीचे यंत्र तरी किती साधे! दोन चाके, एक साखळी, दोन पायडले. पेट्रोल लागत नाही, परवाना लागत नाही, धूर निघत नाही. पायी चालताना जेवढी शक्ती लागते, तेवढ्याच शक्तीत सायकलीवर तीन-चार पट अंतर कापता येते. एक मोटार जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेत सुमारे दहा सायकली उभ्या राहतात. मुलांनी रोज किमान एक तास तरी अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेला सायकलीने जाणे आणि येणे यात त्यातला बराचसा वेळ आपोआप भरून निघतो. शिवाय रस्त्यावर सायकली जितक्या जास्त, तितका प्रत्येक सायकलस्वाराला असलेला धोका कमी होतो. कारण मग गाडी चालवणाऱ्यांच्या नजरेला सायकलीची सवय होते. म्हणून आपण सायकल चालवतो, तेव्हा मागून येणाऱ्या अनोळखी मुलाची वाटही थोडी सुरक्षित करत असतो.

ज्यांचे घर फार लांब आहे, ज्यांच्या वाटेवर केवळ मोठे रस्तेच आहेत, त्यांनी हट्टाने सायकल काढावी असे मी म्हणणार नाही. जीव आधी, सायकल नंतर. पण किराणा दुकानात जायचे आहे, मशिदीत जायचे आहे, शिकवणीला किंवा मित्राच्या घरी जायचे आहे, तर तेवढ्यासाठी घरातल्या मोठ्यांना मोटारसायकल काढायला लावू नये. घरात कोपऱ्यात धूळ खात पडलेली सायकल असेल, तर ती बाहेर काढा. ओव्हरऑइलिंग करून घ्या. डाव्या बाजूने चालवा, सिग्नल पाळा, अंधारात दिवा लावा. तुमच्या गल्लीतून शाळेकडे येणारी आणखी कोण मुले आहेत, ते पाहा आणि त्यांना सोबत घ्या. वाटेत कोठे अडचण असेल, तर ती कागदावर लिहा. पत्र कसे लिहायचे, हे तुम्हाला शिकवलेलेच आहे.

आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणी मोटार चालवेल, कोणी रिक्षा, कोणी बस. कोणी अभियंता होऊन रस्ते बांधेल, कोणी निवडून येऊन महापालिकेच्या सभागृहात बसेल. त्या वेळी तुमच्या पुढे एखादी लहान मुलगी सायकलीवर, पाठीला दप्तर लावून जात असेल. तिच्यामागे जोरजोराने हॉर्न वाजवू नका. वेग थोडा कमी करा आणि तिला वाट द्या. रस्त्याची जबाबदारी कोण घेणार, असे तिच्या वडिलांनी विचारले, तर “मी घेतो”, “मी घेते” असे म्हणणारी माणसे या शहरात पुष्कळ असली पाहिजेत.